जुना फोन आपल्या सिमवर चालेल की नाही, हे घेण्याआधी कसं तपासायचं?

केतकी_के

नमस्कार मंडळी. आईबाबा राजापूर तालुक्यात गावी असतात. घरात रेंज येते ती फक्त बीएसएनएलची, बाकी कंपन्यांसाठी घाटी चढून वर सड्यावर जावं लागतं. आतापर्यंत बाबांचा बटणांचा फोन पुरत होता. पण आता गावच्या टॉवरवर ४जी सुरू झालंय आणि आईला नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. म्हणून एखादा धड चालणारा जुना स्मार्टफोन घेऊन द्यावा म्हणतेय. बजेट सहा-सात हजार.

पुण्यात एका दुकानात एक बघून ठेवलाय. २०१९ चं मॉडेल, ४ जीबी रॅम, काचेवर ओरखडा नाही, बॅटरी नवीन टाकलीय म्हणतात. "ताई, ४जी आहे ना, मग सगळी सिमं चालतात," असं दुकानदाराचं म्हणणं. माझं स्वतःचं सिम जिओचं आहे. गणपतीपर्यंत गावी जाणं होणार नाही, फोन पार्सलनेच पाठवावा लागेल. तिथं तो नीट चालला नाही तर आई परत पाठवायची नाही, "असू दे गो" म्हणून कपाटात ठेवून देईल.

इथं बसून मी नक्की काय काय तपासू? आणि तो चोरीचा नाही, हे कसं कळेल?

---

विन्या

बीएसएनएलचं सिम असलेला कुणीतरी मित्र गाठा, त्याचं सिम त्या फोनमध्ये घाला, कॉल लावा, नेट बघा. चाललं तर घ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?

---

दत्ताअण्णा

ताई, माझं स्पष्ट मत, जुना घेऊच नका. थोडे पैसे घालून नवा घ्या, एक वर्ष वॉरंटी मिळते. वयस्कर माणसांच्या हातात दुसऱ्याचं दुखणं कशाला द्यायचं?

---

घाटपायथा

विन्या, तुझी तपासणी चांगली आहे, पण केतकीताईंच्या बाबतीत नेमकी तीच फसवेल. टॉवरच्या देखभालीच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

४जी ही काही एकच लहर नाही. प्रत्येक कंपनीकडे वेगवेगळ्या वारंवारतांचे पट्टे आहेत, त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर आहे. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. एअरटेलचं मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वर. व्हीआयचं १, ३, ८ आणि ठिकठिकाणी ४० नाहीतर ४१ वर. बीएसएनएलचं ४जी मात्र प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर उभं आहे: बँड १ म्हणजे २१००, आणि बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ.

फोनमध्ये कंपनीने जे बँड दिलेत तेवढेच त्याला ऐकू येतात. हा फोन २०१९ चा. त्या काळात भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त फोनांत १, ३, ५, ८, ४०, ४१ एवढेच बँड असायचे. २८ फारसं कुणी देत नव्हतं, कारण इथं त्याचा उपयोगच नव्हता. ७०० चा पट्टा सरकारने २०१६ च्या लिलावात काढला होता, पण किंमत एवढी होती की कुणी हात लावला नाही. २०२१ लाही तो तसाच राहिला. २०२२ मध्ये जिओने घेतला, तोही ५जीसाठी.

आता खरी मेख. पुण्यात मित्राचं सिम घातलंत आणि जवळच्या टॉवरवर २१०० असेल, तर तो फोन इथं बँड १ वर झकास चालेल. तुम्ही खूश होऊन पार्सल कराल. गावचा टॉवर जर फक्त ७०० वर असेल तर तिथं त्याच फोनला ४जी दिसणारच नाही. खेडोपाडी, डोंगरात ७०० मुद्दाम वापरतात. ती लहर लांबवर जाते आणि चिऱ्याच्या भिंतीतून घरातही बऱ्यापैकी पोचते.

---

विन्या

हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नसेलही, त्याच्या दुकानात सगळी सिमं चालत असतील.

---

केतकी_के

अगदी वेळेवर सांगितलंत, आज संध्याकाळी टोकन द्यायला जाणार होते. घाटपायथा, दोन गोष्टी सांगा. या फोनमध्ये २८ आहे की नाही हे कुठं बघायचं? आणि गावच्या टॉवरवर कुठला बँड आहे हे पुण्यात बसून कसं कळणार?

---

रिपेरवाला_सांगली

पहिल्याचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा फोन कंपनी भारतासाठी वेगळा, युरोपसाठी वेगळा, चीनसाठी वेगळा काढते. बाहेरून सख्खे जुळे भाऊ, आत बँड निराळे. सेटिंगमध्ये "अबाउट फोन" उघडा, तिथं मॉडेल नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिळून. तो जसाच्या तसा लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नंबराचे एलटीई, म्हणजे ४जीचे, बँड बघा. सॅमसंगमध्ये शेवटच्या अक्षरावरूनही अंदाज येतो. शेवटी यू असेल तर माल अमेरिकेचा, एन असेल तर कोरियाचा.

तिथंच बसल्या बसल्या *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो, पंधरा आकडी. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. तो खोक्यावरच्या, बिलावरच्या आणि सिमच्या ट्रेवर किंवा पाठीवर छापलेला असेल तर त्या नंबराशी, आकडा न् आकडा जुळला पाहिजे. माझ्याकडे असे फोन येतात की पाठीवर एक नंबर, आत दुसरा. त्याचा अर्थ बोर्ड तरी बदललाय, नाहीतर नंबराशी खेळ केलाय. आणि *#०६# दाबल्यावर नंबराऐवजी "नल" किंवा नुसती शून्यं आली तर तिथूनच उठा. सॉफ्टवेअर टाकताना त्याचा रेडिओचा भाग उडालेला असतो, त्याला कुठलंच सिम धरणार नाही.

---

घाटपायथा

दुसऱ्याचं मी सांगतो. गावात ज्याच्याकडे बीएसएनएलचं ४जी चालतंय असा एखादा पोरगा गाठा. सॅमसंग असेल तर डायलरवर *#००११# दाबायला सांगा, पडद्यावर बँडचा नंबर येतो. इतर अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर नावाचं फुकट अॅप आहे, त्यात स्वच्छ दिसतं. आयफोनवर *३००१#१२३४५#*. त्याने स्क्रीनशॉट पाठवला की काम झालं. मात्र तुमच्या घराच्या पडवीत उभं राहून काढायला सांगा, एसटी थांब्यावर नको. कोकणात वळण संपलं की टॉवर बदलतो.

कुणीच सापडलं नाही तर २८ असलेलाच फोन घ्यायचा. त्यात बहुधा १ असतोच.

---

मालती_जोग

ही बँडची माहिती इतकी वर्षं कुणी दिली नव्हती. आमच्याकडे वेल्ह्याला सासऱ्यांना दिलेला फोन घरी "ई", म्हणजे २जीचं नेट दाखवतो आणि पुण्यात आणला की ४जी. आम्ही बीएसएनएलला नावं ठेवत होतो.

---

घाटपायथा

मालतीताई, त्यांचं सिम किती जुनं आहे? २जी-३जीच्या काळातलं असेल तर आधी ते बदलून ४जीचं घ्या. जुन्या सिमवर ४जी येत नाही. पण पुण्यात येतंय म्हणताय, म्हणजे सिम ठीक असावं आणि संशय बँडवरच जातो.

---

वैशाली_पणजी

चोरीचा आहे का या प्रश्नाबद्दल. सरकारची सीईआयआर नावाची यंत्रणा आहे. देशातले हरवलेले-चोरलेले आणि बंद केलेले आयएमईआय एका जागी नोंदवलेले असतात आणि सगळ्या कंपन्या तिथूनच अडवतात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिची सुरुवात आपल्याकडेच झाली, मुंबईत, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. २०२३ च्या मे महिन्यात संचार साथी पोर्टल आलं तेव्हापासून ती सगळ्या देशासाठी खुली आहे.

तपासायला एक पैशाचा खर्च नाही. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम (KYM) लिहा, एक जागा सोडा, पंधरा आकडी आयएमईआय लिहा आणि १४४२२ वर पाठवा. त्या नंबराचा फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल आणि त्याची स्थिती काय, ते उत्तरात येतं. संचार साथीच्या अॅपमध्येही हेच करता येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, यातलं काहीही आलं तर तो फोन घेऊ नका, असं तिथंच सांगितलेलं आहे. दोन आयएमईआय असतील तर दोन्ही तपासा.

उत्तरात आलेलं मॉडेल आणि हातातला फोन एकच आहे ना, तेही बघा. हातात एक कंपनी आणि मेसेजात दुसरी, म्हणजे नंबर बदललेला आहे.

---

रिपेरवाला_सांगली

वैशालीताईंना दुजोरा. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचेच असतात, म्हणून ते जुळायलाच पाहिजे. आणि "आयएमईआय रिपेअर करून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मी असलं गिऱ्हाईक आलं की हात जोडतो.

---

अनघा_नाशिक

मेसेज स्वच्छ आला तरी बिल घ्याच. आमच्या दिरांच्या बाबतीत घडलेलं सांगते. ओळखीतल्या ओळखीत एक फोन घेतला, बरा चालत होता. काही महिन्यांनी परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला की तुम्ही वापरताय तो मोबाइल चोरीचा आहे, जमा करा. दिरांना आधी वाटलं फसवणुकीचा कॉल आहे. म्हणून आपल्या जवळच्या चौकीत जाऊन खात्री केली, तर खरं निघालं. मूळ मालकाने तक्रार उशिरा नोंदवली होती. एकदा आयएमईआय बंद झाला की त्यात जे सिम असेल त्याची माहिती पोलिसांकडे जाते, ती अशी.

फोन गेला, पैसे गेले. पण त्यांच्याकडे विकणाऱ्याने सही करून दिलेला कागद आणि यूपीआयचा व्यवहार होता, म्हणून पोलिसांनी जबाब घेऊन सोडलं. तो कागद नसता तर फेऱ्या किती झाल्या असत्या कोण जाणे. तेव्हा रोख देऊ नका आणि मूळ बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आयएमईआय लिहिलेली पावती, एवढं हातात आल्याशिवाय दुकानातून निघू नका.

---

विन्या

अनघाताई, हे वाचून माझा फोन मी आत्ता १४४२२ ला पाठवून बघितला. पास झालो :)

---

बोस्टनकर

परदेशातून आणलेल्या फोनांबद्दलही लिहायला हवं, कारण "मामाने अमेरिकेहून दिला" हा फोन जवळपास प्रत्येक घरात असतो.

इथं अमेरिकेत बरेच फोन मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेले असतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो फोन त्याच कंपनीला बांधलेला राहतो. तसाच भारतात नेला तर एकही सिम धरत नाही. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं आत गेलं की खाली "कॅरिअर लॉक" अशी ओळ दिसते. तिथं "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असेल तरच फोन मोकळा. ते कुलूप काढणं मूळ कंपनीच्या हातात असतं आणि विनंती खातेदाराला करावी लागते. म्हणून मामा इकडे असतानाच त्याच्याकडून काढून घ्या.

दुसरं, आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, त्यामुळे शहरात अडत नाही. पण ज्यांना खेड्यात सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सवय आहे त्यांनी विचार करून घ्या.

आणि उलट दिशेने: भारतातला फोन घेऊन इकडे शिकायला येणाऱ्या मुलांनो, ए टी अँड टी या इथल्या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केल्यापासून त्यांची स्वतःची मान्य फोनांची यादी आहे. तुमच्या मॉडेलचा नंबर त्या यादीत नसेल तर बँड जुळूनही उपयोग नाही. तिकीट काढायच्या आधी बघून ठेवा.

---

रिपेरवाला_सांगली

कुलूपबंद आयफोनात काही जण सिमखाली एक पातळ चिप घालून विकतात. नखाएवढी, सोनेरी टिकल्यांची पट्टी, सिमला चिकटून बसते. तिच्यामुळे फोनला वाटतं मूळ कंपनीचंच सिम आहे. पहिला अपडेट आला की बऱ्याचदा रेंज गुल. म्हणून आयफोन घेताना ट्रे बाहेर काढा, सिम उचला, खाली काही चिकटलंय का बघा. आणि कॅरिअर लॉकची ओळ वाचताना ती चिप काढलेली असू द्या.

---

नीलाक्षी_मेलबर्न

बोस्टनकरांच्या मुद्द्याला ऑस्ट्रेलियाची पुस्ती. इथं २०२४ च्या ऑक्टोबरअखेर टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोन्ही मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद केलं. जे फोन ४जीवरून ०००, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावू शकत नाहीत ते कंपन्यांनी अडवायचे असा नियम आहे. त्यामुळे नेट छान चालणारा फोनसुद्धा बंद होऊ शकतो. आईबाबा इकडे येतात तेव्हा भारतातला जुना फोन घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. आजारपणात फोन लागलाच पाहिजे.

---

घाटपायथा

नीलाक्षीताईंनी कळीचा मुद्दा काढला. नेट चालणं वेगळं आणि ४जीवरून बोलणं वेगळं, ज्याला व्होल्टी म्हणतात. आपल्याकडे जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून २जी-३जीशिवाय आहे. त्यामुळे फोनमध्ये जिओची व्होल्टी चालत नसेल तर नेट येईल, साधा कॉल लागणार नाही. एअरटेल, व्हीआयवर कॉल आला की फोन २जीवर उतरतो आणि बोलणं होतं, म्हणून उणीव लक्षात येत नाही. बीएसएनएलवरही जिथं २जी आहे तिथं तसंच. पण टॉवरवर फक्त ४जी असेल तर व्होल्टी पाहिजेच.

चीन किंवा कोरियाच्या बाजारातले फोन इथं नेमके यातच अडकतात. बँड सगळे असतात, पण भारतीय कंपन्यांच्या व्होल्टीची सेटिंग त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नसते.

तपासायची रीत सोपी. सिम घाला, नेटवर्क "४जी प्राधान्य" वर ठेवा, साधा कॉल लावा आणि बोलता बोलता वरच्या पट्टीकडे बघा. ४जी टिकलं तर व्होल्टी आहे. तिथं "ई" किंवा "२जी" झालं तर फोन खाली उतरला.

---

शंतनू_वाई

थोडं विषयांतर. मी ५जी असलेला जुना फोन घेतोय, २०२१ चा. एअरटेलवर ५जी दिसतं, जिओवर नाही. फोन खराब आहे का?

---

घाटपायथा

नसावा. एअरटेलचं ५जी मुख्यतः ४जीच्या आधाराने चालतं, त्याला एनएसए म्हणतात. जिओचं पहिल्यापासून स्वतंत्र, एसए. सुरुवातीच्या काही ५जी फोनांत एसएची सोय भारतासाठी चालू केलेली नव्हती, काहींना नंतरच्या अपडेटने मिळाली. आयफोन १२ आणि पुढच्यांना इथं ५जी आलंच मुळी २०२२ च्या डिसेंबरात, आयओएस १६.२ बरोबर. म्हणून आधी फोन पूर्ण अपडेट करून बघा. तरीही नाही आलं तर तो जिओ ५जीच्या कामाचा नाही, तसं धरूनच भाव करा.

५जीच्या बँडांच्या नंबराआधी एन लावतात. फक्त एन७८ असलेला ५जी फोन जिओवर घराच्या आतल्या खोलीत मार खातो. आत पोचणारा एन२८, म्हणजे तोच ७०० चा पट्टा, त्याला नसतो.

---

दत्ताअण्णा

मंडळी, एवढं सगळं तपासण्यापेक्षा नवा घ्या हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. नाहीतर हजार रुपयांचा ४जीचा बटणांचा फोन द्या, त्यावर यूपीआय पण होतं.

---

सुजित_चिपळूण

अण्णा, तो २०२३ मध्ये ९९९ ला आलेला जिओभारत म्हणत असाल तर तो जिओच्या सिमलाच बांधलेला आहे. ताईंच्या गावात रेंजच नाही जिओची. आणि त्यावर आईला व्हिडिओ कॉल कसा करायचा?

नव्या फोनाबद्दलही सांगतो. नवा म्हणून २८ असतोच असं गृहीत धरू नका, नव्यालाही मॉडेल नंबर लावूनच बघा. आमच्याकडे चिपळुणात पुरानंतर किती लोकांनी जुने फोन घेतले आणि वर्षानुवर्षं वापरले. सगळ्यांना नवा परवडतोच असं नाही. नीट बघून घेतलेला जुना फोन ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

---

दत्ताअण्णा

सुजित, कमीपणाचं मी म्हणालो नाही रे. काळजीपोटी म्हणालो. माझ्या बहिणीला असाच एक फोन गळ्यात मारला होता, दुसऱ्या खाचेत सिम घातलं की रेंजच नाही. म्हातारी बाई दुकानाच्या पायऱ्या चढून दमली, त्याने दाद दिली नाही. ते डोळ्यांसमोर आहे.

---

रिपेरवाला_सांगली

अण्णा, बहिणीच्या फोनचं कारण बहुतेक सांगता येईल. साधारण २०१८ च्या आधीच्या पुष्कळ दोन सिमच्या फोनांत ४जी एका वेळी एकाच खाचेत चालतं, दुसरी २जी-३जीवर राहते. तिच्यात जिओ टाकलं की रेंज शून्य. त्यात दुसरी खाच मेमरी कार्डाची आणि सिमची मिळून एक असेल तर पत्र्याच्या पट्ट्याही वाकलेल्या असतात. म्हणून सिम दोन्ही खाचांत आलटून पालटून घालून बघायचं आणि प्रत्येक वेळी कॉल लावायचा.

बहिणीचा फोन असेल तर सांगलीला पाठवा, बघतो. पैशाचं नंतर.

---

दत्ताअण्णा

रिपेरवाले, मनापासून आभार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

केतकी_के

मंडळी, खूप धावपळ झाली पण सगळं स्पष्ट झालं. सांगते.

दुकानातल्या फोनचा मॉडेल नंबर लिहून आणला आणि कंपनीच्या पानावर बघितलं: १, ३, ५, ८, ४०, ४१. घाटपायथा म्हणाले होते तेच, २८ नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं बीएसएनएलचं सिम घालूनही बघितलं आणि दुकानातच ४जी आलं, यूट्यूब चाललं. दुकानदार म्हणाला, "बघा ताई, मी म्हणालो नव्हतो?"

इकडे गावात शेजारच्या काकूंच्या मुलाला आमच्या पडवीत उभं करून नेटमॉन्स्टरचा स्क्रीनशॉट मागवला. बँड २८. मागच्या परड्यात जाऊन परत बघितलं त्याने, तिथंही २८च.

दुकानदाराला हे दाखवलं तर सुरुवातीला त्याला पटेना, मग स्वतः बसून त्याने कपाटातल्या इतर फोनांचे मॉडेल नंबर माझ्याबरोबर तपासले. दोन वर्षं अलीकडचा एक निघाला ज्यात १ आणि २८ दोन्ही आहेत. सात हजार तीनशे म्हणाला, सात हजारांवर आला. दोन्ही आयएमईआय १४४२२ वर पाठवले, दोन्ही वैध, मॉडेलही तेच. सहकाऱ्याचं सिम दोन्ही खाचांत घातलं, कॉल लावला, ४जी टिकलं. बिल मूळ मालकाच्या नावाचं आहे, त्यावर दुकानाने माझ्या नावाची पावती आयएमईआय लिहून दिली. पैसे यूपीआयने दिले. गावात चालला नाही तर पंधरा दिवसांत परत, हे पावतीवरच लिहून घेतलं.

---

अनघा_नाशिक

शाब्बास! ते पंधरा दिवसांचं लिहून घेतलंत हे फार छान केलंत.

---

रिपेरवाला_सांगली

पाठवायच्या आधी एक काम राहिलंय. फोन दुकानात पूर्ण रीसेट करून, परत सुरू करून बघितला का? सुरू होताना जुन्या मालकाचं गुगल खातं मागत असेल तर तो पुढे अडकतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. आणि हप्त्यावर घेतलेला फोन असेल तर फायनान्स कंपनीचं कुलूप आत असू शकतं. हप्ता चुकला की फोन आपोआप बंद होतो, मग रेंज असो वा नसो. रीसेट झाल्यावर पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत कुणाचंही नाव-गाव न मागता गेला पाहिजे.

---

केतकी_के

रीसेट केला होता, खातं मागितलं नाही. हप्त्यांचं मात्र सुचलं नव्हतं. मूळ बिलावर फायनान्स कंपनीचं नाव दिसतंय. उद्या दुकानात जाऊन थकबाकी नसल्याचं पत्र मागते, मगच पार्सल.

---

घाटपायथा

तेच करा. आणि बाबांचं बीएसएनएलचं सिम ४जीचं आहे ना, हे त्यांना आधी विचारून ठेवा. नसेल तर राजापूरला जाताना आधार कार्ड घेऊन कार्यालयात बदलून घेऊ दे. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद राहतात, तेवढ्या वेळात बँकेचं काही काम ठेवू नका.

---

मालती_जोग

सासऱ्यांच्या फोनचा मॉडेल नंबर बघितला. २८ नाही. सिम ४जीचंच आहे. या रविवारी वेल्ह्याला जाऊन टॉवरचा बँड बघून येते. केतकीताई, त्या दुकानाचा पत्ता व्यनिने द्याल का?

---

केतकी_के

पाठवला. बुधवार पेठेत आहे, दुपारी जा, संध्याकाळी बोलायला त्यांना वेळ नसतो. आणि सहकाऱ्याचं सिम हवं असेल तर सांगा, तो येतो म्हणालाय.